पाऊण किलोमीटर चिखल

सोमवार, ३

आज निकाल लागला. कॉलेजचा नव्हे, कॉलेजचा निकाल मीच लावून आलो होतो दुसऱ्या वर्षाच्या मध्यात. आजचा निकाल गाडीचा.

बाबांची कंबर गेली त्याला दोन महिने झाले. डॉक्टर म्हणाले, आता स्टेअरिंग विसरा. तेव्हापासून आमची पिकअप अंगणात उभी आणि बाबा खिडकीपाशी आडवे. दोघं दिवसभर एकमेकांकडे बघत असतात. आज जेवताना बाबांनी जाहीर करून टाकलं, "गाडी विकायची. कोपऱ्यावरचा बेकरीवाला घेतोय."

मी ताटावरून उठलो. "आणि मी काय करायचं?"

"तो प्रश्न कॉलेज सोडताना विचारायचा होतास."

"बाबा, मी तेव्हा—"

"बस खाली," आई म्हणाली. "भांडण गरम असलं तरी जेवण गार होतंय."

ताई मध्ये पडली म्हणून तह झाला. डोंगरावरच्या रोपवाटिकेला रोजच्या कामाला गाडी हवी आहे. वर खताची पोती न्यायची, खाली रोपं आणायची. रोपवाटिकेच्या बाई एकोणीस तारखेला चाचणी घेणार आहेत. मी पास झालो तर गाडी माझी, नापास झालो तर बेकरीवाल्याची.

"आणि ही परीक्षा मध्येच सोडून यायची नाही," बाबा म्हणाले. मी दात आवळून गप्प बसलो. माझे दात आता निम्मे झिजले असतील.

राहता राहिले टायर. चारही गोटा झालेत, हात फिरवला तर आजोबांच्या टकलावर फिरवल्यासारखं वाटतं. बाबा म्हणाले, "नवे बघ. पण डोक्याने बघ, डोळ्याने नको."

मंगळवार, ४

टायरच्या दुकानात गेलो. डोळ्यानेच बघितलं. माझा इलाज नव्हता.

टायरवाल्या काकांची मुलगी आता गल्ल्यावर बसते. कानामागे खडूचा तुकडा, सुतार पेन्सिल ठेवतो तसा. हाताला काळं लागलेलं, नाकावरही थोडं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही, सरळ गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघितलं आणि म्हणाली, "अरेरे."

मला वाटलं, मला म्हणाली.

"कुठे चालवणार?" तिने विचारलं.

"कुठेही."

"कुठेही नावाचा रस्ता नसतो. डांबर किती, माती किती?"

"निम्मं निम्मं," मी ठोकून दिलं.

मग तिने तीन टायर काढून भिंतीला लावले. एक साध्या रस्त्याचा, बारीक नक्षीचा. एक निव्वळ चिखलाचा, राक्षसाच्या दाढांसारखे गठ्ठे असलेला. तो बघताच माझी छाती फुगली. असे टायर लावून मी कॉलेजच्या फाटकासमोरून एकदा, सावकाश, जाणार! आणि तिसरा मधला. ऑल-टेरेन म्हणतात त्याला. डांबरावरही चालतो, मातीतही चालतो.

"म्हणजे अर्धवट," मी म्हणालो.

"अर्धवट कसा? दोन्हीकडचं थोडंथोडं येतं त्याला."

"थोडंथोडं येणं म्हणजेच अर्धवट."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला कुणी काही बोललंय का?"

मी तडकलो आणि निघून आलो. घरी आल्यावर लक्षात आलं की मी टायरचा भावही विचारला नाही. म्हणजे उद्या पुन्हा जायला हवं. बरं झालं.

गुरुवार, ६

बुधवारी गेलो, आजही गेलो. आज तिने विचारलं, वजन किती नेणार. मी म्हणालो, पंच्याहत्तर किलो. ती म्हणाली, तुमचं नाही, मालाचं. दुकानातले हवा भरणारे आजोबा तिकडे फिसकन हसले. मला वाटलं, नळीतून हवा गेली.

मग तिने समजावलं की पिकअपला मोटारीचे टायर घालायचे नसतात, कितीही छान दिसले तरी. मालवाहू गाडीचे वेगळे असतात, त्यांच्या अंगावर लिहिलेलं असतं एकेकाने किती भार उचलायचा. "दिसायला सारखेच असतात," ती म्हणाली, "पण भार टाकला की कळतं कोण काय आहे ते."

हे ती टायरबद्दल बोलली असेल? मला नाही वाटत.

विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून हवेच्या तोंडावरच्या टोप्यांची चौकशी केली आणि चार घेऊन आलो.

शनिवार, ८

आमच्या घरात आता टोप्या चौदा आहेत आणि टायर शून्य. बाबा म्हणाले, "टोप्या घालून डोंगर चढणार का?"

आज दुकानात एक माणूस होता. टायर कंपनीचा विक्रेता. निळा शर्ट, छातीवर नावाची पट्टी आणि गळ्यात टाय! टायरच्या दुकानात टाय घालून येणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये असं माझं मत झालं आहे. ती त्याच्याशी हसून बोलत होती. मी मोठ्याने चिखलाच्या टायरची मागणी केली.

"ते तुम्हाला नकोत," ती म्हणाली. "डांबरावर भुंगा घुमल्यासारखे घुमतात, गाडी थरथरते. रोपं मुळापासून हलतील."

"गिऱ्हाईक मी आहे."

"आहात ना. पाच दिवसांपासून आहात."

टायवाला हसला. त्याच्या हसण्यालाही टाय होता.

सोमवार, १०

शांतपणे, क्रमाने लिहितो.

तिने मला ऑल-टेरेनपाशी नेलं. "हे एकदा नीट बघा, मग काय ते ठरवा." ती उकिडवी बसली, मीही बसलो. तिच्या कपाळावर एक केस चिकटला होता, त्यामुळे पुढचं मला फारसं ऐकू आलं नाही. मग तिने कानामागचा खडू काढला आणि टायरच्या अंगावरच्या ठसठशीत अक्षरांभोवती गोल काढला. मी वाचलं.

M+S.

माझं नाव एसने सुरू होतं. आणि तिने मला दिलेल्या भावाच्या कागदावर खाली सही आहे: एक मोठा M आणि पुढे वेलांटी. तो कागद माझ्या उशीखाली आहे म्हणून मला माहीत.

अक्षरं कारखान्यातली आहेत हे मला कळतं, मी काही वेडा नाही. पण दुकानभर टायर असताना नेमका हाच काढायचा, नेमक्या त्याच अक्षरांना गोल करायचा आणि वर म्हणायचं, "हे महत्त्वाचं. हे असलं की मग काळजी नाही"? याचा अर्थ लहान मूलही सांगेल.

मी विचारलं, "तुमच्या वडिलांना माहीत आहे हे?"

"त्यांनीच तर दाखवलं मला. आठवीत होते मी तेव्हा."

आठवीत! मी तेव्हा कुठल्या तरी शाळेत नापास होत होतो आणि इकडे सगळं ठरलेलं होतं!

"आणि त्यांची हरकत नाही?"

"हरकत कशाला असेल? चांगली गोष्ट आहे."

मी उभा राहिलो. म्हणालो, "हेच. चार आणि स्टेपनीला एक. मला दुसरं काही बघायचंच नाही."

"आलात वळणावर," ती म्हणाली आणि हसली. टायवाल्याकडे बघून हसते तसं नाही. दातांच्या संख्येत फरक होता.

मंगळवार, ११

ताईला सांगितलं. ती शाळेच्या वह्या तपासत होती. लाल पेन तसंच हवेत धरून तिने सगळं ऐकलं.

"म्हणजे तिने तुला टायर दाखवला."

"टायर नाही ताई, खूण!"

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग हे ऐकलं होतं. तू चाकाला बांधून निघालास."

शिक्षकांना प्रेम कळत नाही. टायर शुक्रवारी बसवायचे ठरले आहेत.

शुक्रवार, १४

आज जे झालं ते लिहू नये असं वाटतं. पण वही खरं लिहिण्यासाठी असते.

सकाळी गाडी धुऊन दुकानात नेली. बाहेर टायवाल्याची उंच मोटार उभी होती. मी कौतुकाने नव्हे, शत्रूची चाकं म्हणून बघितली. त्यांच्या अंगावर M+S. चारही चाकांवर. आणि मला आठवलं की त्याच्या छातीवरच्या पट्टीवरचं नावही एसनेच सुरू होतं.

माझ्या डोक्यात काय झालं ते माझं मलाच ठाऊक. तरातरा आत गेलो. काका चहा पीत होते, आजोबा ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होते, टायवाला वहीत काहीतरी टिपत होता, ती गल्ल्यावर. मी म्हणालो, "मला ते टायर नकोत!"

"का हो?" काका.

"तिला विचारा! एकच खूण किती जणांना दाखवायची याला काही सुमार?"

"कसली खूण?" ती उभी राहिली.

"M अधिक S!" मी ओरडलो. "मला गोल काढून दाखवलंत! त्याला काय काढून दाखवलंत? बदाम?"

दुकानात इतकी शांतता झाली की ट्यूबमधून निघालेला बुडबुडा ऐकू आला.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग एकेक अक्षर सुटं करून बोलली, वर्गात मागच्या बाकासाठी बोलतात तसं. "एम म्हणजे मड. चिखल. एस म्हणजे स्नो. बर्फ. चिखलात आणि बर्फात चालणारा टायर. सगळ्या जगात हेच लिहितात."

"इथे बर्फ कुठे पडतो?" मी म्हणालो. माझा आवाज माझाच नव्हता.

आजोबा पाण्याच्या टबाच्या काठावर बसले आणि मग टबात बसले. टायवाल्याने टाय तोंडात कोंबला. काका तेवढे गंभीर होते. ते गोदामाकडे बोट दाखवून म्हणाले, "बाळा, माझ्याकडे अशी चाळीस लग्नं थप्पीला लागली आहेत. एकाचंही मला आमंत्रण नाही."

कुणी दुसरा असता तर माफी मागून निघाला असता. मी म्हणालो, "मग मला चिखलाचेच द्या! ते दाढांवाले!"

"देणार नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. रागाने असणार. "गिऱ्हाईक तुम्ही असाल, टायर माझे आहेत. आधी एक सांगा. तो डोंगराचा रस्ता तुम्ही बघितलाय?"

मी टोप्यांचा डबा निरखायला लागलो.

"अहो, दहा दिवस टायर निवडताय आणि रस्ता बघितलाच नाही?"

धुतलेली गाडी घेऊन तसाच परत आलो.

शनिवार, १५

घराबाहेर पडलो नाही. दुपारी बेकरीवाला येऊन गेला. टेप घेऊन गाडीचा हौदा मोजत होता, पावाचे किती ट्रे बसतील ते. बाबा खिडकीतून बघत होते. काही बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं, मला भांडता आलं असतं.

मी एक धडा घेतला आणि तो इथे ठळक लिहून ठेवतो: टायरच्या दुकानात बोललेला शब्द टायरबद्दलच असतो. हवा म्हणजे हवा, नट म्हणजे नट. यापुढे फसणार नाही.

रविवार, १६

सकाळी उठून गोट्या टायरांवरच रस्ता बघायला गेलो. तिने सांगितलं म्हणून नव्हे.

अकरा किलोमीटर गुळगुळीत डांबर. निम्मं निम्मं कुठलं! पुढे दोन किलोमीटर सुटी खडी. आणि शेवटी चढावर पाऊण किलोमीटर चिखल. वरची पाण्याची टाकी रोज भरून वाहते, म्हणून बारा महिने चिखल. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोलगट चर. त्या चिखलाच्या पहिल्याच वळणावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी चिडून आणखी गॅस दिला, चाकं आणखी खोल गेली. चिडण्याचा आणि खोल जाण्याचा असा सरळ संबंध मी पूर्वी इतक्या जवळून बघितला नव्हता.

दोन तास दगड रचून गाडी काढली. मग पूर्ण पाऊण किलोमीटर चालत वर गेलो, कुठे टणक आहे, कुठे पाय घोट्यापर्यंत जातो ते बघत. परत येताना हिशेब केला. पावणेचौदा किलोमीटरमध्ये चिखल पाऊण. दाढांवाले टायर घेतले असते तर पाऊण किलोमीटर मिरवलो असतो आणि तेरा किलोमीटर रोपं हादरवली असती. साधे घेतले असते तर सगळी वाट नीट आणि शेवटी चरात.

म्हणजे मधलेच. ती पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती.

कपडे बघून आई म्हणाली, "हा काय अवतार?" बाबांनी मात्र चाकांमधला चिखल बघितला. "रस्ता बघून आलास," ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

सोमवार, १७

खाली मान घालून दुकानात गेलो. "अकरा डांबर, दोन खडी, पाऊण चिखल," मी सांगितलं. "ऑल-टेरेन द्या."

ती म्हणाली, "चिखल चढावर की सपाटीला?"

"चढावर. दोन वळणं. दुसरं वाईट आहे."

"उतरून बघितलंत?"

"चालत गेलो."

तिने आजोबांना हाक मारली आणि टायर काढायला सांगितले. आजोबांनी एकेक टायर माझ्यासमोर आणून "सौभाग्यकांक्षिणी एम आणि चिरंजीव एस" असं पुटपुटत उभा केला. मी ऐकून घेतलं. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

बसवून झाल्यावर तिने कागदावर हवेचे आकडे लिहून दिले: डांबरावर पुढे पस्तीस, मागे पन्नास. चिखलाच्या आधी थांबून सगळीकडे अठ्ठावीस, आणि मग सावकाशच. खाली आल्यावर पुन्हा भरायची. स्वतःचा छोटा पंपही दिला. म्हणाली, "हवा कमी केली की टायर पाय पसरतो, बसका होतो, चिखलात रुतत नाही. आणि पन्नास किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळायला या. विसरू नका."

मी पूर्वीचा असतो तर या कागदामुळे मला आठवडाभर झोप लागली नसती. आता नाही. कागद गाडीच्या कप्प्यात ठेवला, उशीखाली नाही.

बुधवार, १९

चाचणी.

रोपवाटिकेच्या बाई माझ्या शेजारी बसल्या. पाय चिखलाच्या बुटांत, मांडीवर वही. सबंध डांबरभर एकच शब्द बोलल्या, "हं." मागे खताची पोती.

चिखलाच्या तोंडाशी मी थांबलो आणि उतरलो. बाई म्हणाल्या, "पंक्चर?"

"नाही बाई. हवा काढतोय."

"हं," वहीत काहीतरी लिहिलं.

पहिलं वळण पार. टायर असे धरून होते की मला ओरडावंसं वाटलं. दुसऱ्या वळणाला तोंड लावलं आणि समोरून पाण्याचा टँकर उतरत आला. दोन गाड्यांना जागाच नाही. टँकरवाल्याने भोंगा दाबून धरला आणि खिडकीतून ओरडला, "ए बाळ! घे मागे! चालवता येत नाही तर बैलगाडी घे!"

बाळ! माझ्या कानशिलांत धाड धाड वाजायला लागलं. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते, हा साधा नियम. मी दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला. तो चिखलात गेला घोट्यापर्यंत. आणि त्या गार चिखलात उभं राहून मला रविवार आठवला. चिडलं की खोल जातं. मी पाय काढला, दार लावलं, आणि चिखलातून, पोत्यांसकट, वळणावरून, आरशात बघत, मुंगीच्या चालीने सगळी वाट मागे आलो. एका बाजूचं चाक चरापासून वीतभर. टायर एकदाही घसरला नाही. टँकरवाला जाताना हात दाखवून गेला. मी हात दाखवला नाही. तेवढी सवलत स्वतःला दिली.

मग पुन्हा चढलो. वर पोती उतरली, तीनशे साठ रोपं भरली, खाली आलो, हवा भरली, गावात आणली. बाईंनी स्वतः मोजली. दोन कलली होती, त्यांनी बोटाने सरळ केली.

"उद्यापासून या," त्या म्हणाल्या. "याआधी तिघे आले होते. वर चढणारे तिघेही होते. मागे येणारा कोणी नव्हता."

यात कौतुक कसलं ते मला कळलं नाही. मला टँकरवाल्याला खाली खेचायचं होतं.

घरी आलो. बाबांनी खिडकीतून हात लांब करून किल्ली मागितली. मला वाटलं, संपलं सगळं. त्यांनी किल्लीच्या जुडग्यातून घराची आणि कपाटाची किल्ली काढून घेतली आणि गाडीची तेवढी परत माझ्या हातावर ठेवली.

आई म्हणाली, "बेकरीवाल्याला मी सांगते." तिला हे काम फार दिवसांपासून करायचं होतं असं दिसलं.

गुरुवार, २०

पहिला दिवस कामाचा. दोन खेपा, पन्नास किलोमीटर पूर्ण. नट आवळायला दुकानात गेलो.

आजोबांऐवजी तिनेच पाना घेतला. बराच वेळ घेतला, एकेक नट दोनदा तपासला. मी चाचणीचं सगळं सांगितलं, टँकरचंही. ती म्हणाली, "मागे आलात? तुम्ही?" आणि मग उगीचच तो आवळलेला नट तिसऱ्यांदा आवळला. रोजच्यासाठी मी स्वतःचा पंप घेतला आणि तिचा परत केला.

निघताना ती म्हणाली, "उद्या हवा बघायला या. साडेपाचला, दुकान बंद होतं तेव्हा."

मी म्हणालो, "आजच तर भरली. आणि आता माझ्याकडे पंपही आहे."

"तरी या. आणि गाडी नाही आणलीत तरी चालेल."

घरी येऊन बराच विचार केला. नव्या टायरची हवा एका दिवसात उतरत असेल तर टायरमध्ये दोष आहे, आणि तिला तो माहीत आहे, आणि ती सांगायला संकोचतेय. शिवाय गाडीशिवाय हवा बघणार कशी? शेवटी सुचलं: स्टेपनी! तोच माल, तोच कारखाना. एक तपासली की सगळ्यांचं कळेल. उद्या स्टेपनी काढून नेतो.

बाबांना हे सांगितलं तर ते इतके हसले की कंबर धरून बसले. ताईही हसली. मग बाबा डोळे पुसत म्हणाले, "जा बाबा, जा. फक्त शर्ट तेवढा इस्त्रीचा घाल."

टायरच्या दुकानात इस्त्रीचा शर्ट कशाला? स्टेपनी खांद्यावरून न्यायची म्हणजे तो मळणारच.